आईच्या मुठीतली दोन बोटं

माझा भाऊ रफूवाला आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, कारण लोक त्याला शिंपी म्हणतात आणि तो सगळ्यांना हसून हो म्हणतो. राग मला येतो. शिंपी कापड कापून नवं काही शिवतो. रफूवाला जळलेलं, फाटलेलं, कसरीने खाल्लेलं कापड एकेक धागा विणून असं भरून देतो की भोक कुठे होतं ते खुद्द मालकालाही सापडू नये. काम चांगलं झालं की ते दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून कुणी कौतुकही करत नाही. असला धंदा माझ्या भावाने निवडावा यात नवल काहीच नाही. घरी दोन पाहुणे आले तरी स्वयंपाकघरात जाऊन बसणारा प्राणी तो.

घरात त्याला गुंत्या म्हणतात. नाव मी ठेवलं. लहानपणी लोकरीचा गुंता झाला की मी कात्री आणायला धावायचे आणि हा तो गुंता मांडीवर घेऊन संध्याकाळभर सोडवत बसायचा. जेवायला हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. पुढे मी त्याला लग्नासाठी दोन-तीन मुली दाखवल्या, तर घरी आल्यावर प्रत्येकीच्या कोटाची बाही कुठे उसवली होती तेवढं त्याने मला सांगितलं. शेवटी मी नाद सोडला. वडील गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत तो आणि आई असे दोघंच राहिले. मी लग्न होऊन दोन रस्ते पलीकडे गेले होते, म्हणजे भांडायला जवळ आणि कामाला लांब, असं आई म्हणायची.

तो एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काम करतो. दुकानाच्या दर्शनी काचेला लागूनच त्याचं टेबल आहे, त्यावर दिवा आणि दिव्याला जोडलेलं मोठं भिंग. मागे कपड्यांच्या रांगा, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी, आणि त्याच्याही मागे चादरी-पडदे इस्त्री करायचं मोठं रोलरचं यंत्र. मालकाने त्याला काचेत बसवलं ते शोभेसाठी. येणारे-जाणारे थांबून बघतात आणि आपला फाटका कोट आठवून घरी जातात.

त्याची कामाची पद्धत अशी. कापडाचा फाटका भाग डाव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर ताणून धरायचा आणि उजव्या हाताने वरून सुई घालायची. उजव्या हाताच्या बोटाला अंगुस्तान, म्हणजे धातूची टोपी, असते, डाव्याला काही नाही. खालून सुईचं टोक बोटाला लागलं म्हणजे कितव्या धाग्यावर आहोत ते कळतं, असं तो म्हणतो. दिवसभर टोचून टोचून ती दोन बोटं टोकापासून मधल्या पेरापर्यंत खरखरीत झाली होती. यावर जायफळ किसता येईल, असं मी त्याला चिडवायचे.

आणि धागा. तो बाहेरचा धागा कधीच वापरत नाही. त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे काढतो. अंगचाच धागा लागतो, हे त्याचं ठरलेलं वाक्य. पण त्यातही मेख असते. दुमडीतल्या धाग्याने ऊन-वारा पाहिलेला नसतो, त्यामुळे तो गडद आणि गुळगुळीत असतो, तसाच विणला तर डाग पडल्यासारखा दिसतो. म्हणून गुंत्या ते धागे आधी काचेपाशी उन्हात टांगून ठेवतो, बोटांत मळतो, थोडे झिजवतो. गिऱ्हाईक घाई करतं, मालक तोंड वाकडं करतो, हा आपला धाग्याचा रंग उतरायची वाट बघत बसतो.

आता आईचं सांगते. साखरेच्या दुखण्यात आधी तिची नजर गेली. मग ऐकू येणं कमी होत होत कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायला लागलं, आणि असं ओरडल्यावर सगळ्यांचेच आवाज सारखे लागतात. शेवटी आठवणीही जागच्या हलायला लागल्या. पण गुंत्याच्या बाबतीत तिची कधीच गफलत होत नव्हती. तो संध्याकाळी घरी यायचा, कोट काढायचा, पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसायचा आणि काही न बोलता डाव्या हाताची ती दोन बोटं तिच्या मुठीत द्यायचा. ती मूठ मिटायची, अंगठा त्या बोटांवरून एकदा वर, एकदा खाली फिरवायची आणि म्हणायची, "आलास?" मग दिवसभराची सगळी गाऱ्हाणी. पाणी कोमट होतं, शेजारीण नीट उशी ठेवत नाही, तू उशीर केलास. तो नुसता बसून असायचा. बोटं मुठीतच.

ही रीत जुनी होती. लहानपणी रस्ता ओलांडताना आई मला एक बोट धरायला द्यायची आणि त्याला दोन, कारण तो कुठल्याही दुकानाच्या काचेपुढे थबकायचा आणि एक बोट त्याच्या हातून सुटायचं. दोन बोटं असली की पकड बसते, असं तिचं मत. आता तो तिला दोन बोटं द्यायचा, एवढाच फरक. मला मात्र आई माझ्या धसमुसळेपणावरून ओळखायची. माझा पाय पलंगाला आपटला की म्हणायची, "आलं वादळ."

त्या हिवाळ्यात एका मोठ्या हॉटेलचे टेबलक्लॉथ धुवायला आले होते आणि रोलरवरचा माणूस आजारी होता. मालकाने गुंत्याला जरा हात लावायला सांगितलं. या यंत्रात दोन तापलेले रोलर असतात, त्यांच्यामधून कापड आत जातं आणि पलीकडून इस्त्री होऊन निघतं. एका टेबलक्लॉथची कड दुमडून आत जायला लागली. दुसऱ्या कुणी ती जाऊ दिली असती आणि कापड पुन्हा एकदा फिरवलं असतं. पण आपल्या डोळ्यांदेखत सुरकुती पक्की होतेय, हे माझ्या भावाला कसं बघवणार. त्याने ती सरळ करायला डावा हात पुढे केला.

मालकाने लगेच बटण बंद केलं, हे मी त्याच्या बाजूने सांगते. पण तेवढ्यात व्हायचं ते झालं होतं. पहिल्या दोन बोटांची तळव्याकडची कातडी टोकापासून मधल्या पेरापर्यंत सोलून आणि भाजून निघाली होती. मी इस्पितळात पोचले तेव्हा तो बाकावर बसला होता आणि टेबलक्लॉथला रक्त लागलं म्हणून मालकाची माफी मागत होता. मी तिथेच त्याच्यावर ओरडले. मला रडू येत असलं की मी ओरडते.

हात तपासला तो एका सर्जनबाईंनी. सडपातळ, डोळ्यांखाली काळं, बोलणं सरळ. मला बाई आवडल्या. त्यांनी कागदावर बोटांचं चित्र काढून दाखवलं. हाड आणि बोट हलवणारी दोरी उघडी पडली होती. उघड्या हाडावर पातळ कातडी चिकटवली तर ती धरत नाही. तेव्हा रस्ते दोन. एक म्हणजे दोन्ही बोटं मधल्या पेरापाशी आखूड करायची आणि मागची कातडी पुढे ओढून शिवून टाकायची. थोड्या दिवसांत घरी. दुसरा म्हणजे बोटांची लांबी राखायची. त्यासाठी ओटीपोटाची जाड कातडी, तिच्या रक्तवाहिन्यांसकट, एका बाजूने उचलायची आणि बोटं तिथेच पोटाला शिवून टाकायची. तीन आठवडे हात पोटाला जोडलेला राहणार. बोटांनी त्या कातडीला स्वतःचं रक्त पुरवायला सुरुवात केली की मग पोटाकडचा भाग कापून हात मोकळा करायचा. तेव्हाही दोन्ही बोटं एकमेकांना चिकटलेली असणार, ती पुढच्या खेपेला सोडवायची, त्याच्याही पुढच्या खेपेला आतली चरबी काढून बारीक करायची.

बाईंनी काही लपवलं नाही. कातडी जाड असेल, स्पर्श फारच कमी कळेल, बोटं ताठ राहतील. रफूचं काम डोळ्यांपुढे ठेवलं तर बोटं आखूड केलेली बरी, बाकीच्या बोटांनी नवीन सवय लावता येईल, असं त्यांचं मत पडलं. मीही तेच म्हणत होते. गुंत्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"मला दोन बोटं लागतात," तो म्हणाला.

कशासाठी, असं बाईंनी विचारलं.

"आईला धरायला."

बाईंना वाटलं, म्हाताऱ्या आईला उचलायला, बसतं करायला. त्यांनी पुढे विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. त्याच्या मनात एवढंच पक्कं बसलं होतं की आईच्या मुठीत दोन बोटं यायला हवीत, अख्खी, लांब. अर्धी आली तर ती घाबरेल, ओळखणार नाही. त्याने बाईंना एकच प्रश्न विचारला, कातडी माझीच ना? तुमचीच, त्या म्हणाल्या. मग झालं तर, अंगचीच आहे, असं म्हणून त्याने सही केली. इतकी वर्षं दुमडीतले धागे उन्हात टांगणाऱ्या माणसाला त्या घडीला ते उन्हाचं आठवलं नाही.

तीन आठवडे तो उताणा पडून होता, डावा हात पोटाला शिवलेला. शेजारच्या खाटांवरचे लोक त्याला साहेब म्हणायला लागले, कारण चालायला उठवला की तो थोडा वाकून, खिशात हात घातल्यासारखा, रुबाबात फिरायचा. तोही हसायचा. मी भेटायला गेले की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: आई काय म्हणते?

आई तेव्हा माझ्या घरी होती. पलंगाची दिशा वेगळी, भिंत वेगळ्या बाजूला, संडासाकडे जायची पावलं वेगळी. आंधळ्या माणसाला घर बदलणं म्हणजे दुसऱ्यांदा डोळे जाणं. रोज संध्याकाळी ती उजवा हात उघडून मांडीवर ठेवायची आणि विचारायची, आला का? मी कानाशी ओरडून सांगायचे, कामासाठी परगावी गेलाय, येईल. थोड्या वेळाने पुन्हा तेच. माझ्या घशाला कोरड पडायची आणि चिडचिड व्हायची. मग एका संध्याकाळी तिने विचारलंच नाही. हात मिटून घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मी गुंत्याला तेव्हाही सांगितलं की आई मजेत आहे.

हात सुटला, पण पट्ट्या काही सुटेनात. मध्ये तो घरी यायचा, पुन्हा जायचा. आईला आम्ही तिच्या खोलीत परत नेलं होतं. पट्टीचा गोळा तिच्या हाताला लागला की ती हात मागे घ्यायची. गुंत्या मला धीर द्यायचा, पट्टी निघू दे, बोटं दिसू देत. शेवटच्या शस्त्रक्रियेनंतर टाके काढले आणि बोटं दिसली. गुबगुबीत, गोरी, मऊ. एकावर चार केसही उगवले होते. वजन वाढलं तर बोटंही सुटतील, कारण ही कातडी स्वतःला अजून पोटच समजते, असं सर्जनबाई म्हणाल्या आणि आम्ही तिघंही हसलो. आम्ही शेवटचं तिथे हसलो.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम गेले होते. गुंत्याने नेहमीसारखा कोट काढला. खुर्चीवर बसला. ती दोन बोटं आईच्या मुठीत दिली. मूठ मिटली. अंगठा वर गेला, खाली आला. थांबला. पुन्हा वर गेला, या वेळी सावकाश, टोकापाशी रेंगाळला, जणू तिथे काही ठेवलेलं होतं आणि सापडत नव्हतं. मग आईने मूठ उघडली, त्याचा हात अदबीने त्याच्याच मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "बसा हं. माझा मुलगा अजून यायचाय."

मी त्याच्याकडे बघू शकले नाही. त्याने उजवा हात दिला. तो हात तिच्या ओळखीचाच नव्हता. त्याने कानाशी ओरडून सांगितलं, मी गुंत्या. ती दचकली आणि विचारायला लागली, काय झालं गुंत्याला? कुणी पाठवलं तुम्हाला? तिला वाटलं, कुणीतरी वाईट बातमी घेऊन आलंय. तिला शांत करायला मी घाईने पुढे झाले आणि माझा गुडघा पलंगावर आपटला.

"आलं वादळ," आई म्हणाली आणि तिचा चेहरा सैल झाला.

मला जमीन फाटून आत गेले तर बरं असं झालं. आठवड्यातून दोनदा येणारी मी, येऊन निम्मा वेळ भांडणारी, मला ती ओळखत होती. मी तिच्या कानाशी जीव तोडून सांगितलं की हाच तुझा गुंत्या, त्याच्या हाताला लागलं होतं, नवीन कातडी लावली. तिने पुन्हा त्याची बोटं हातात घेतली, चाचपली, सोडली आणि माझ्या हातावर थोपटत म्हणाली, "तुला कुणीही फसवतं गं."

मला सोडायला जिना उतरताना तो मधल्या वळणावर थांबला. आई बोटं मोजत नव्हती ताई, तो म्हणाला. तो काय म्हणतो ते मला आधी कळलंच नाही. मग त्याने डावा हात माझ्यापुढे धरला. खरखर शोधत होती ती. आणि हे बघ, या कातडीने ऊनच पाहिलेलं नाही. मी म्हटलं, आखूड केली असतीस तरी ती कातडी गेलीच होती. तो म्हणाला, हो, पण मी पंधरा दिवसांत घरी आलो असतो, तोवर माझी दुसरी एखादी खूण तिच्या लक्षात राहिली असती.

त्यानंतर त्याने जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. मला कळलं ते दुकानाच्या मालकाकडून. मालक माझ्या घरी आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, तुमच्या भावाला समजवा, काचेत बसतो आणि कापडाऐवजी स्वतःलाच टोचतो. मी तशीच चपला सरकवून गेले. गुंत्या दिव्याखाली, भिंगात बघत, त्या गोऱ्या बोटांवर सुई चालवत होता. सरळ रांगेत, अगदी नीट, रफूला धरतो तसं अंतर धरून. दुखत नव्हतं त्याला, तिथे काही कळतच नव्हतं. रक्ताचे बारीक थेंब पुसायला शेजारी पांढरा कपडा घडी घालून ठेवला होता. धागा झिजवतात तशी तो ती कातडी झिजवत होता. किती दिवस चाललं होतं कुणास ठाऊक.

मी सुई हिसकावून घेतली. काचेबाहेर दोन माणसं थांबून बघत होती, त्यांच्यावरही ओरडले. पण उशीर झाला होता. दोन दिवसांत हात मनगटापर्यंत लाल झाला आणि त्याला ताप भरला.

सर्जनबाई संतापल्या. इतक्या मेहनतीने वाचवलेलं बोट कुणी मुद्दाम नासवतं का, असं त्यांनी विचारलं, आणि ते खरंच होतं. मग गुंत्याने त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. मूठ, अंगठा, खरखर. त्या ऐकता ऐकता स्टुलावर बसल्या. बराच वेळ त्या त्याचा हात हातात घेऊन उलटापालटा करत राहिल्या.

"तळव्याकडची कातडी वेगळीच असते," त्या म्हणाल्या. "तिच्यावर बारीक रेघा असतात, ती राबायलाच झालेली असते. पोटाची कातडी कितीही टोचलीत तरी ती पोटाचीच राहणार."

मग त्याचा हात खाली ठेवत म्हणाल्या, "आणि हे तुम्ही मला आधी सांगितलं असतंत, तरी मला ती परत देता आली नसती."

त्यांनी त्याचं समाधान व्हावं म्हणून हे सांगितलं. तो समजूतदारपणे हो म्हणाला. औषधांनी हात वाचला, ताप उतरला, बोटं राहिली. पण त्या दिवसानंतर त्याने आईच्या मुठीत बोटं दिली नाहीत.

दुकानातलं टेबल त्याच्याकडेच राहिलं, पण आता तो बटणं लावतो, चेन बदलतो. रफूची कामं मालक परत पाठवतो. त्याबद्दल तो कधी बोलला नाही, मीच बोलते. बाकी घरात सगळं पहिल्यासारखं चाललं होतं. तो आईला उठवायचा, अंग पुसायचा, दुधात पाव भिजवून चमच्याने भरवायचा. फरक एवढाच की आईच्या लेखी तो कामाला ठेवलेला माणूस होता. ती त्याला अहो-जाहो करायची. गुंत्याला तिने जन्मात कधी नीट विचारून काही सांगितलं नव्हतं. उठ, बस, मेल्या, उशीर केलास. या माणसाला म्हणायची, जरा पाणी देता का? दिलं की म्हणायची, फार उपकार झाले हो तुमचे. मला ते ऐकवायचं नाही. तिने एकदा तरी त्याच्यावर खेकसावं म्हणून मी झुरायचे. बिस्कीट दिलं की अर्धं उशीखाली ठेवायची, मुलासाठी. रोज रात्री तिला झोप लागली की तो ते काढून खायचा, कारण सकाळी ते तिथे नसलं की ती म्हणायची, येऊन गेला वाटतं, मला उठवलं नाही त्याने.

हळूहळू ती या माणसाशी मनातलं बोलायला लागली. माझा मुलगा असा नव्हता, म्हणायची. कुणीतरी त्याचे कान भरले असतील. नाहीतर मी काही लागट बोलले असेन, माझी जीभ तिखट आहे. गुंत्या ऐकत बसायचा. मी मध्ये पडून ओरडायला लागले की तो मला हाताने थांबवायचा. ती घाबरते ताई, असं म्हणायचा. तिला मुलगा नाही भेटला तरी चालेल, पण ती घाबरायला नको, इथवर त्याची तयारी झाली होती. माझी झाली नव्हती. मी घरी जाऊन भांडी आपटायचे.

थंडी पुन्हा सुरू झाली आणि आईच्या छातीत कफ झाला. डॉक्टर येऊन गेले, आता घरीच राहू दे म्हणाले. मी तिथेच मुक्काम टाकला. आई दिवसाचा बराच वेळ झोपून असायची. एका दुपारी जागी झाली, बऱ्यापैकी हुशारीत होती. गुंत्या खुर्चीवर बसून तिचे पाय चेपत होता. तिने त्याचा हात शोधून काढला आणि वर धरला.

"तुम्ही बाहेर जाता-येता," ती म्हणाली. "माझा मुलगा भेटला तर एक निरोप द्याल का?"

गुंत्या तिच्या कानाशी वाकला. "देईन. काय सांगू?"

"आई रागावलेली नाही म्हणावं. कामं असतात माणसाला, मला कळतं. पण एकदा येऊन जा म्हणावं."

"सांगतो," तो म्हणाला.

मी दाराच्या चौकटीत उभी होते. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, नको. मी तोंडावर पदर दाबून स्वयंपाकघरात गेले आणि तिथे नळ सोडून रडले.

संध्याकाळी ती पुन्हा जागी झाली आणि पहिलं तेच विचारलं. भेटला का? सांगितलंत का? हो, सांगितलं, असं गुंत्या म्हणाला. मग काय म्हणाला, तिने विचारलं. माझ्या भावाला खोटं बोलायची सवय नाही, खोटं माझ्या वाट्याचं काम. मग तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "निघालाय. येतोच म्हणाला."

आई इतकी खूश झालेली मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. मला हाक मारून तिने केस विंचरून घेतले. उशी उंच करायला लावली. शाल नीट करवून घेतली. उजवा हात शालीबाहेर काढून, उघडा करून, खुर्चीच्या बाजूला ठेवला. मग तिला कुणाचा तरी श्वास जवळ लागला असावा. तिने हात लांबवून खुर्ची चाचपली आणि तिथे गुंत्याचा गुडघा लागला.

"रागावू नका," ती म्हणाली, "पण तुम्ही तिथे बसू नका. ती जागा त्याची आहे. तो येईलच एवढ्यात."

त्याच्या जागी मी असते तर उठले नसते. हट्टाने बसून राहिले असते, तिचा हात धरून किंचाळले असते. तो उठला. खुर्ची आवाज न करता पलंगाला लावून ठेवली, तिच्या हाताला लागेल अशी, आणि मागे सरकला.

पहाटे आई गेली तेव्हा मी तिच्या उशाशी बसले होते, आणि माझा भाऊ भिंतीला टेकून उभा होता.